तारण म्हणजे गहाण नव्हे : पाप, कृपा आणि विश्वास यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत मी प्रार्थनासभा घेतो, आणि माझी चार एकर पऱ्हाटीही (कापूस) आहे. खालचे प्रश्न कुणी कागदावर लिहून दिलेले नाहीत. धुऱ्यावर, एसटीची वाट बघताना, मयतीच्या घरी लोकांनी ते विचारले. शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. विचारणाऱ्यांत ख्रिस्ती कमी आणि इतर जास्त होते.

तुम्ही सारखं ‘तारण, तारण’ म्हणता. आम्ही बँकेत शेत तारण ठेवतो, तेच का हे?

नाही, पण तुमचा घोटाळा बरोबर आहे. बँकेतलं तारण म्हणजे कर्जापोटी अडकवलेली वस्तू, मग ते सोनं असो की शेत. बायबलच्या मराठीतलं तारण म्हणजे तारणं, बुडत्याला काठावर काढणं. ‘देव तारी त्याला कोण मारी’ यातलं ‘तारी’. एका तारणात आपण आपलं काही देऊन अडकतो, दुसऱ्यात कुणीतरी आपलं काही देऊन आपल्याला सोडवतो. एकाच शब्दाचे असे उलटे अर्थ भाषेत कसे नांदतात, देव जाणे.

मोक्ष आणि तारण हेही एक नव्हे. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती श्रद्धेत फेरा नाही, जन्म एकच. तारण म्हणजे देवाशी तुटलेलं नातं पुन्हा जोडलं जाणं. ते इथेच सुरू होतं आणि मेल्यावर पुनरुत्थानात, म्हणजे मेलेल्यांतून पुन्हा उठण्यात, पुरं होतं. म्हणून बायबलमध्ये तारण झालं आहे, होत आहे आणि होणार आहे, असं तिन्ही काळांत बोललेलं सापडतं.

आम्ही काय पाप केलं? चोरी नाही, दारू नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मीही असाच होतो. बारावी झाल्यावर दिवाळीनंतरच्या वेचणीत बाबांनी कापूस तोलायचा काटा माझ्या हाती दिला. संध्याकाळी धुऱ्यावरच्या निंबाच्या फांदीला तो टांगायचा. बाया एकेक गाठोडं आणून आकड्याला अडकवायच्या. मी वजन वाचायचो आणि वहीत मांडायचो. वेचणीची मजुरी किलोवर. बारा किलो सहाशे भरलं की मी बारा लिहायचो. कुणी नजर वर केलीच तर म्हणायचो, “ओल आहे.” सकाळच्या दवातल्या कापसाला ओल असते हे खरं. पण दुपारी वेचलेल्या कापसाला कसली ओल? मला हे कुणी शिकवलं नव्हतं, बाबांनी तर नाहीच. आणि तेव्हा कुणी मला चोर म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

पाप म्हटलं की आपल्याला खून, दरोडा, परस्त्री आठवते. बायबलच्या नव्या करारात (येशूपासून पुढचा भाग) पापासाठी सर्वांत जास्त येणारा ग्रीक शब्द आहे ‘हामार्तिया’. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. जुन्या करारातल्या हिब्रू शब्दाचं मूळही तेच. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल लिहितो की सर्वांनी पाप केलं आहे आणि ते देवाच्या गौरवाला ‘उणे पडले आहेत’. हे ‘उणे’ मला फार नेमकं वाटतं, कारण मी उणं लिहिणारा माणूस आहे. त्या वहीत मी बायांना उणं मांडत होतो. खरं म्हणजे उणा मी भरत होतो.

ख्रिस्ती शिकवणीत ‘पापं’ आणि ‘पाप’ यांत फरक करतात. पापं म्हणजे सुटी सुटी कृत्यं, ती मोजता येतात. पाप म्हणजे त्यांच्या मुळाशी असलेला वाकडेपणा, जो काटा हातात आला की आपोआप आपल्याच बाजूला झुकतो. पहिल्याला शिक्षा पुरेल कदाचित. दुसऱ्याला औषध लागतं.

आदामानं फळ खाल्लं, त्याची शिक्षा आम्हाला का?

आदाम म्हणजे बायबलमधला पहिला माणूस, देवानं मना केलेलं फळ त्यानं खाल्लं. आधी एक गोष्ट: बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात सफरचंद नाही. नुसतं ‘फळ’ आहे.

आता प्रश्न. यावर चर्चमध्ये एकमत कधीच नव्हतं. धर्मशास्त्री ऑगस्टीन (३५४–४३०) म्हणाला की आदामाचं पाप आणि त्याचा दोष, दोन्ही माणसाला जन्मतःच मिळतात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं असा वारशाचा दोष मानला नाही. त्यांच्या मते आपल्याला वारशात मिळतं ते मरण आणि बिघडलेली प्रकृती. मला स्वतःला दुसरी मांडणी पटते. बाप वारला की शेत पोराच्या नावावर चढतं, आणि सातबाऱ्यावरचा बोजाही त्याच्यासोबत येतो. पोरानं कर्ज काढलेलं नसतं. पण मशागत त्याला त्याच शेतात करायची असते.

मात्र हे ताणून ‘अमक्याला आजार झाला म्हणजे त्याच्या घराण्याचं पाप’ असं म्हणू नका. योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या जीवनकथेच्या) नवव्या अध्यायात येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे बघून विचारतात की पाप कुणाचं, याचं की आईबापांचं. येशू दोन्ही नाकारतो. परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचं मिशनचं जुनं रुग्णालय आहे. तिथे येणाऱ्या माणसांना गावानं ‘मागच्या जन्माचं पाप’ म्हणूनच बाहेर काढलेलं असायचं. जंतूनं होणारा आणि औषधानं बरा होणारा आजार तो. त्यात पाप शोधायचंच असेल तर बाहेर काढणाऱ्यांचं शोधावं.

कृपा म्हणजे कर्जमाफीच ना?

विदर्भात याहून जवळचा दाखला नाही. म्हणूनच तो जपून वापरावा लागतो.

जुळतं काय ते आधी. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एका दासाचं कर्ज आहे दहा हजार टॅलंट. एक टॅलंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. करा हिशेब: सहा कोटी दिवसांची मजुरी. तो दास राजाचे पाय धरून म्हणतो, “मुदत द्या, सगळं फेडतो.” दीड लाखाहून जास्त वर्षं काम करून! राजा मुदत देत नाही, कर्जच सोडून देतो. दासानं मागितलं होतं पुनर्गठन आणि मिळाली माफी. ही कृपा. ती मिळवता येत नाही आणि तिच्यावर हक्कही सांगता येत नाही. शिवाय माफ केलेलं कर्ज हवेत जात नाही, ते देणाऱ्याच्या अंगावर पडतं. सरकारी माफीत तिजोरीवर पडतं, इथे राजाच्या.

आता न जुळणारं. कर्जमाफीला निकष असतात. २००८ च्या केंद्राच्या माफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण माफी होती. त्याहून जास्त जमीन असलेल्यांना पाऊण रक्कम भरली तरच पाव रकमेची सूट. ओलिताच्या भागात पाच एकर म्हणजे बरंच काही. आपल्या कोरडवाहू भागात सात-आठ एकरवालाही तितकाच कंगाल, पण तो यादीबाहेर राहिला. सावकाराचं कर्ज तर तिच्यात धरलंच नव्हतं. कृपेला यादी नाही, कटऑफ तारीख नाही आणि ‘पात्र-अपात्र’ नाही. खरं सांगायचं तर अपात्र असणं हीच तिची एकमेव अट आहे. आणि सरकारी माफीनंतर दोन हंगामांत आपण पुन्हा थकबाकीदार होतो, कारण कापसाचा भाव, पाऊस आणि बोंडअळी तिथेच असतात. ख्रिस्ती शिकवणीत कृपा माफी देऊन निघून जात नाही. ती माणसाच्या आत राहून शेतच सुधारायला घेते. याला ‘पवित्रीकरण’ म्हणतात. हा शब्द जड आहे, पण काम मशागतीसारखं रोजचं आहे.

आणखी एक अनुभव खूप जणांना येतो. माफी झाली, बँकेनं ‘नो ड्यूज’ दिला, तरी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा तसाच दिसतो. फेरफार व्हायचा राहिलेला असतो. कर्ज नसतं, पण उतारा बघितला की पोटात गोळा येतो. क्षमा मिळालेले कितीतरी विश्वासू लोक असेच जुना उतारा छातीशी धरून जगतात. त्यांना मी एवढंच विचारतो, “बँक खरी की जुना कागद?”

“ज्याचं कर्म त्यानं भोगावं. दुसऱ्याचं पाप दुसरा कसा फेडेल?” येशूनं वधस्तंभावर आपली पापं फेडली हे ऐकून आमचे बौद्ध शेजारी असं विचारतात.

आणि त्यात दम आहे. ‘करावं तसं भरावं’ हा न्याय आहे, त्याला मी खोटं म्हणणार नाही. बौद्ध विचारात माणूस स्वतःच स्वतःचा आधार आहे. ख्रिस्ती विचार म्हणतो की माणूस स्वतःला बुडण्यातून स्वतःच्या शेंडीला धरून वर काढू शकत नाही. इथे खरा मतभेद आहे आणि ‘सगळे धर्म सारखेच’ म्हणून त्यावर शेणाचा पोतारा फिरवण्यात अर्थ नाही. चहा एकत्र प्यावा आणि मतभेद मान्य करावा.

फक्त एक गैरसमज दूर करतो. देव चिडला होता, कुणालातरी झोडायचं होतं, म्हणून त्यानं एका निरपराधाला झोडलं, अशी ही गोष्ट नाही. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे वधस्तंभावर तिसरा कुणी नव्हता. ज्याचं देणं होतं तोच देव ख्रिस्तात येऊन ते आपल्या अंगावर घेतो. हे नेमकं कसं घडतं यावर चर्चनं एकच सूत्र कधी ठरवलं नाही. कुणी त्याला ऋणफेड म्हणतं, कुणी मरणावरचा विजय, कुणी बलिदान. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतः ‘खंडणी’ म्हणतो. आज खंडणी म्हटलं की गुंड आठवतो. जुना अर्थ मात्र गुलामाला सोडवण्यासाठी मोजलेली किंमत असा आहे.

विश्वास म्हणजे ‘देव आहे’ असं मानायचं, एवढंच?

एवढंच असतं तर सोपं होतं. याकोबाच्या पत्रात टोमणा आहे की भुतंही देव एकच आहे असं मानतात, आणि थरथर कापतात.

विहिरीतला गाळ काढायला यारी लावतात. दोर मजबूत आहे हे वर उभे असलेले सगळेच मानतात. विश्वास त्याचा, जो टोपल्यात बसून खाली जातो. तो बसतो तेव्हा त्याच्या पोटात भीती नसते असं नाही. भीतीसकट बसतो.

आणि विश्वास म्हणजे नवस नव्हे. ‘पोरगं पास होऊ दे, मग बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) घेतो’ म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. मी त्यांना चहा पाजतो आणि घरी पाठवतो. देवाशी सौदा करायचा तर जुना देव काय वाईट होता?

विश्वास कुणात हळूहळू उगवतो, कुणात अवचित. कवी नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीतल्या एका परक्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं आणि १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांनी तुकोबा टाकून दिला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असंच ते सांगत राहिले.

फुकटच माफी आहे तर चांगलं वागायची गरज काय?

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला मी एकदा वेचणीच्या बायांना सांगितला. मालक सकाळी मजूर लावतो, दुपारी लावतो, दिवस बुडायला तासभर असताना आणखी लावतो, आणि सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. दाखला संपायच्या आतच बाया सकाळच्या मजुरांच्या बाजूनं झाल्या. एकजण म्हणाली, “असा मालक भेटला त उद्या सकाळी कोन येईन? सारेच पाच वाजता येतीन.”

हाच प्रश्न पौलालाही लोकांनी विचारला असणार. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो लिहितो: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? आणि लगेच म्हणतो, कधीच नाही. त्याचं कारण भीती नाही. त्याच्या मते ज्याला खरंच सोडवलं, त्याचा मालकच बदलला. जकातदारांचा मुख्य जक्कय आठवा (लूक १९). येशू त्याच्या घरी उतरायला येतो म्हणाला, तेव्हा त्यानं अजून एक पैसाही परत केलेला नव्हता. नंतर तो म्हणाला की कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट देतो. क्रम बघा. परतफेड करून पाहुणा मिळाला नाही, पाहुणा आला म्हणून परतफेड झाली.

माझ्या काट्याचं राहिलंच. सहा-सात वर्षांनी, हे सगळं मनात उतरल्यावर, मी ती वही शोधली. ती उधईनं खाल्ली होती. मग अंदाजानं हिशेब केला आणि चार घरी पैसे घेऊन गेलो. तिघींनी हसण्यावारी नेलं. चौथी म्हातारी झाली होती. ओसरीवर तूर पाखडत होती. माझं सगळं ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, “मले मालूम होतं बाबू. पन वेचाले बलावनारं तुह्यंच घर होतं ना.” पैसे तिनं घेतले, मोजले आणि पदराला बांधले. माफ केलं, असं काही म्हणाली नाही. मलाही ते मागायची हिंमत झाली नाही.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यावरूनच भांडले ना?

हो, मुख्यतः यावरूनच. ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन ल्यूथरनं विटेनबर्गमध्ये ९५ मुद्दे मांडले ते पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रकं विकली जात होती म्हणून. पुढे त्यानं ‘फक्त विश्वासानं’ हे सूत्र धरलं. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेनं (१५४५–६३) उत्तर दिलं की कृपा आधी, पण माणसाचं सहकार्य आणि सत्कृत्यंही तिच्यासोबत. ल्यूथरच्या मुद्द्यांनंतर ४८२ वर्षांनी, १९९९ च्या ३१ ऑक्टोबरलाच, ऑग्सबर्गमध्ये लुथेरन महासंघ आणि कॅथलिक चर्चनं संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. नीतिमान ठरतो तो कृपेनं, स्वतःच्या पुण्याईवर नव्हे, एवढं दोघांना मान्य झालं. बारीक भांडणं शिल्लक आहेत. आपल्याकडे प्रोटेस्टंटांच्या अनेक शाखा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं ते २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपुरातच.

प्रार्थनेला गेलं की दुखणं जातं म्हणतात. गेलं नाही तर विश्वास कमी का?

नाही. असं सांगणाऱ्याला खुशाल उठवून लावा. पौलानं त्याच्या ‘शरीरातल्या काट्या’साठी तीनदा प्रार्थना केली, काटा गेला नाही. उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे. बीपीची आणि शुगरची गोळी चालू ठेवा, प्रार्थनाही करा.

गाडगेबाबांसारखा माणूस तुमच्या हिशेबानं कुठे जाईल?

हा प्रश्न अमरावतीकडच्या प्रत्येक गावात येतो, आणि यायलाच हवा. शेंडगावात १८७६ ला जन्मलेला हा माणूस हातात खराटा घेऊन गावं झाडत गेला. धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः त्यांत राहिला नाही.

ख्रिस्ती लोकांत यावर दोन टोकं आहेत. काही मंडळ्या म्हणतात, ख्रिस्तावर प्रकट विश्वासाशिवाय तारण नाही. कॅथलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, असं मांडलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. माझं उत्तर: न्यायाची खुर्ची माझी नाही. कृपा आहे तर ती वाटण्याचा कोटा माझ्याकडे नाही. आणि बाबांना कुठे पाठवायचं हे ठरवण्याआधी मी माझ्या गावची नाली बघतो.

ज्यानं औषध घेतलं, त्याचं काय?

हा प्रश्न विचारणारे आवाज खाली करून विचारतात. ‘औषध’ म्हणजे काय ते विदर्भात सांगावं लागत नाही.

चर्चनं कित्येक शतकं अशा माणसाला दफनभूमीत जागा नाकारली. ती क्रूर चूक होती असं मला वाटतं. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे की तीव्र मानसिक त्रास, भीती किंवा यातना माणसाची जबाबदारी कमी करू शकतात, आणि अशांच्या तारणाबद्दल आपण निराश होऊ नये. जीव घेणं चूकच, मग तो स्वतःचा का असेना. पण तारण शेवटच्या अर्ध्या तासाच्या वागण्यावर ठरत असेल तर ते पुन्हा कर्मावरच आलं. मग कृपा कुठे राहिली? रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी पौल देवाच्या प्रीतीपासून काय काय वेगळं करू शकत नाही याची यादी करतो. त्यात पहिलाच शब्द ‘मरण’ आहे, आणि तेही वेगळं करू शकत नाही, असं तो म्हणतो.

एका आईनं मला विचारलं होतं, “माह्या पोराले देव जवळ घेईन का?” मी तेव्हा अध्याय-ओवी काही सांगितली नाही. शेजारून पिठलं-भाकर आली होती, ती तिनं खावी म्हणून बसून राहिलो. आता विचारलं तर म्हणेन, हो, घेईल.

हे वाचताना तुमच्याच मनात तसं काही येत असेल तर आज रात्री एकटं राहू नका, कुणाला तरी सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. फवारणीचे डबे शेजाऱ्याच्या गोठ्यात ठेवायला द्या.

मला प्रार्थनेचे शब्द येत नाहीत. काय म्हणू?

लूकच्या अठराव्या अध्यायात एक जकातदार मंदिराच्या लांबच्या कोपऱ्यात उभा राहतो, वर बघत नाही, आणि ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढंच म्हणतो. तेवढं पुरतं. वऱ्हाडीतही चालतं.

यासाठी काही वर्गणी, फॉर्म?

नाही. कुणी पावतीपुस्तक काढलं तर त्याला सांगा की दहा हजार टॅलंट आधीच सुटले आहेत.